मदत हवी आहे: स्टिअरिंग अँगल सेन्सर बदलला, तरी ईएससीचा दिवा जात नाही

नमस्कार मंडळी,

गाडी २०१७ ची पेट्रोल हॅचबॅक, ८४ हजार किलोमीटर चाललेली. गेल्या महिन्यात डॅशबोर्डवर घसरणाऱ्या गाडीचा पिवळा दिवा, म्हणजे गाडी सरकल्यावर सावरणाऱ्या ईएससी यंत्रणेचा, लागला तो लागलाच. स्कॅनरवर कोड यू०१२६, म्हणजे स्टिअरिंग किती फिरलं हे मोजणाऱ्या स्टिअरिंग अँगल सेन्सरकडून माहितीच येत नव्हती. वायरिंग, कनेक्टर, फ्यूज ठीक निघाले, म्हणून सेन्सर बदलला.

माझ्या गाडीत तो स्टिअरिंगमागे, क्लॉक स्प्रिंगला (हॉर्न आणि एअरबॅगची जोडणी फिरत्या स्टिअरिंगपर्यंत नेणारी गुंडाळलेली पट्टी) जोडूनच येतो. मी शेजारीच उभा होतो. मेकॅनिकने बॅटरीची निगेटिव्ह वायर काढली, दहा मिनिटं थांबला आणि मगच एअरबॅगला हात लावला. पण नट सोडवल्यावर शाफ्ट आणि स्टिअरिंगवर खूण केली नाही. मी म्हणेपर्यंत स्टिअरिंग त्याच्या हातात आलं होतं.

आता गाडी सरळ जाताना स्टिअरिंगची डावी बाजू बोटभर खाली असते. जुना कोड गेला, नवा म्हणतो कॅलिब्रेशन, म्हणजे सेन्सरला सरळ स्थितीचं शून्य ठरवून देणं, झालेलं नाही. काही गाड्यांत स्टिअरिंग दोन्ही टोकांपर्यंत फिरवलं की सेन्सर आपोआप शून्य धरतो, म्हणून तेही केलं. उपयोग झाला नाही. नंतर लक्षात आलं, क्लॉक स्प्रिंग मध्यावर बसली नसेल तर अशा फिरवण्याने तिची आतली पट्टी तुटू शकते. हॉर्न वाजतोय, एअरबॅगचा दिवाही नेहमीसारखा विझतोय, तरी धास्ती आहे.

गॅरेजवाले म्हणतात, टाय रॉड (पुढची चाकं वळवणारे दांडे) फिरवून स्टिअरिंग सरळ करून देतो. मला हे पटत नाही. आधी गाडी कुठेही ओढत नव्हती, स्टिअरिंगही सरळ होतं. चूक स्टिअरिंग ज्यावर बसतं त्या शाफ्टच्या दात्यांत असेल तर ती तिथेच सुधारायला हवी ना?

आधी स्टिअरिंग काढून क्लॉक स्प्रिंगचा मध्य बघायचा, स्टिअरिंग एक दाता सरकवून बसवायचं, मग चाकांची अलाइनमेंट तपासायची आणि शेवटी सपाट जागी चाकं सरळ ठेवून स्कॅनरने शून्य करायचं, हा क्रम बरोबर आहे का? माझ्या साध्या ओबीडी स्कॅनरमध्ये कॅलिब्रेशनची सोयच नाही. नाशिकमध्ये कंपनीच्या सर्व्हिस सेंटरबाहेर कुणी हे करून घेतलंय का? खर्च किती आला?

आईला दर पंधरा दिवसांनी ठाण्याला तपासणीसाठी न्यावं लागतं, त्यामुळे कसारा घाट टळत नाही. एबीएस चालू आहे, पण ओल्या वळणावर गाडी सरकली तर एकेका चाकाला वेगळा ब्रेक लावून सावरणारी ईएससी बंद आहे. पुढची तारीख येत्या गुरुवारची. तोवर काम झालं नाही, तर याच गाडीने नेऊ की बसने, तेही सांगा.