मदत हवी आहे: डीएनएला रंगद्रव्य नेमके कुठे बांधले जाते, हे प्रयोगातून कसे दाखवावे?

नमस्कार. मी ठाण्यातील एका महाविद्यालयात जीवतंत्रज्ञान शिकवते. इथिडियम ब्रोमाइड आणि डॅपी ही दोन्ही प्रतिदीप्त (प्रकाश शोषून वेगळ्या रंगात उजळणारी) रंगद्रव्ये डीएनएला बांधली जातात, परंतु वेगवेगळ्या जागी. हा फरक विद्यार्थ्यांनी केवळ पाठ न करता स्वतःच्या डोळ्यांनी पाहावा, अशी माझी मनापासून इच्छा आहे.

इथिडियमचा सपाट रेणू डीएनएच्या दुहेरी सर्पिलातील शेजारच्या दोन बेस-जोड्यांच्या (शिडीच्या पायऱ्यांसारख्या ए-टी किंवा जी-सी जोड्यांच्या) मधे शिरतो, त्यामुळे त्यांच्यातील 3.4 अँगस्ट्रॉमचे अंतर जवळपास दुप्पट होते आणि सर्पिलाचा पीळ त्या जागी सुमारे 26 अंशांनी उलगडतो. पाण्यात असताना उत्तेजित इथिडियम आपला प्रोटॉन पाण्याला देऊन विझतो. बेस-जोड्यांच्या आड गेल्यावर ही वाट बंद होते आणि नारिंगी प्रकाश कित्येक पटींनी वाढतो. मला हा भाग सर्वांत सुंदर वाटतो. डॅपी मात्र मुख्यतः सर्पिलाच्या अरुंद खाचेत, सलग ए-टी जोड्यांपाशी बसतो आणि निळा उजळतो.

वासराच्या थायमसमधील डीएनए आणि जी-सी जोड्यांनी समृद्ध असा मायक्रोकॉकस ल्यूटियस या जीवाणूचा डीएनए समान प्रमाणात घेऊन दोन्ही रंगद्रव्यांची तुलना करावी, असा माझा विचार आहे. असा प्रयोग कोणी पदवीच्या वर्गासाठी केला आहे का? रंगद्रव्य व डीएनए यांचे प्रमाण आणि मिठाची तीव्रता किती ठेवली होती? शिवाय इथिडियम उत्परिवर्तक (जनुकांत बदल घडवणारे) असल्याने उरलेल्या द्रावणाची विल्हेवाट ठाणे-नवी मुंबई परिसरातील महाविद्यालये कशी लावतात, हेही कृपया सविस्तर कळवावे.