छबिना, वाहन आणि दिंड

कवडी : गावच्या यात्रेची पत्रिका छापायला द्यायची होती. मी लिहिलं, 'देवीची मूर्ती सजवून वाहनावर ठेवून ९ वाजता छबिना निघेल.' पुजारीकाकांनी पेन मागून घेतलं, 'सजवून' आणि 'ठेवून' दोन्ही खोडलं आणि काही न बोलता कागद परत दिला. चुकलं काय? आणि छबिना, म्हणजे देवाची ही रात्रीची मिरवणूक, हा शब्द 'छबी'वरूनच आला ना?

उंबरठा : काकांचंच बरोबर. देवीला पोशाख करतात, अलंकार घालतात. सजवतात ते वाहनाला. साज घोड्याला, पोशाख देवाला! आणि ठेवायला देवी म्हणजे काय डबा आहे? ती बसते. आमच्याकडे वाहनाच्या पाठीवर चौरंग आवळतात, मग मूर्ती फडक्यानं बांधून घेतात. गाठ मारणारासुद्धा 'मूर्ती कलली' म्हणत नाही. 'आई डावीकडं झुकलीय, नीट बसवा' म्हणतो.

जुनीवही : 'छबी' सोडून द्या, ऐकायला गोड आहे एवढंच. मूळ फारसी. शब म्हणजे रात्र, शबेबरातमधली तीच. शबीना म्हणजे रात्रीचा. मराठ्यांच्या फौजेत रात्री छावणीभोवती फिरणाऱ्या पहाऱ्यालाही छबिनाच म्हणत. देवाची रात्रीची फेरी त्याच घरातली. म्हणून 'रात्रीचा छबिना' ही खरं तर द्विरुक्ती, पण गावोगाव सर्रास चालते.

मांडवी : गोव्यात छबिना कानावर येत नाही. तिथं जत्रेत वाहनागणिक नाव : लालखी, सुखासन, अंबारी, महारथ. 'आज देव कशात बसणार?' असंच विचारतात.

कवडी : तुळजापूरच्या दसऱ्याच्या बातमीत 'दिंड' वाचलं. ते दिंडीतलंच का?

उंबरठा : नाही हो. तुळजाभवानीची मूर्ती चल आहे, म्हणजे वेगळी उत्सवमूर्ती न काढता मूळ मूर्तीच सिंहासनावरून हलवतात. सीमोल्लंघनाच्या पहाटे तिला धक्का लागू नये म्हणून १०८ साड्या गुंडाळतात, ते दिंड. मग बुऱ्हाणनगरहून आलेल्या पालखीत बसवून प्रदक्षिणा, आणि त्यानंतर घोडेगावच्या पलंगावर श्रमनिद्रा, कोजागरीच्या पौर्णिमेपर्यंत. नवरात्राआधीची ती घोरनिद्रा, शाकंभरी नवरात्राआधीची मोहनिद्रा. थकून झोपलेल्या देवीच्या झोपेला श्रमनिद्रा म्हणणारा माणूस मला फार आवडतो.

जुनीवही : नागपंचमीला पुरणाची दिंडं खाल्लीत ना? त्या दिवशी तवा ठेवत नाहीत, म्हणून पुरणावर पारी दुमडून उकडलेली. माझ्या मते शब्द एकच : आत जपायची वस्तू, वरून गुंडाळी. दिंडीशी नातं लावू नये.

उंबरठा : म्हणजे आत पुरण तशी आत आई. हे काकांसमोर बोलू नका.

कवडी : पत्रिका पुन्हा दाखवली. आता मजकूर असा : 'देवीस पोशाख होऊन देवी वाहनारूढ होईल व ९ वाजता छबिना निघेल.' काकांनी फक्त '९ वाजता' खोडलं. म्हणाले, आईचं आवरेल तेव्हा निघेल. वर बारीक अक्षरात लिहिलं, 'रात्रौ'. द्विरुक्ती झालीय हे त्यांना जुनीवहीनं येऊन सांगावं.