लस टोचताना बाळाला अंगावर पाजावे

टोचण्याच्या अर्धा तास आधी पॅरासिटामॉल दिल्यास बाळाला सुई कमी दुखते, हे मत मला पटत नाही. ते औषध नंतर येणाऱ्या तापावर उपयोगी आहे. सुई शिरतानाची वेदना त्याने कमी होत नाही, आणि जागतिक आरोग्य संघटनेनेही २०१५ मध्ये या कारणासाठी ते आधी देऊ नये, असेच सुचवले. त्याच शिफारशींमध्ये टोचताना किंवा त्याच्या जरा आधी अंगावर पाजण्याचा सल्ला आहे.

आमच्याकडे नागपुरात अडचण वेगळीच येते. पोलिओचे थेंब दिल्यावर अर्धा तास दूध पाजू नये, ही समजूत घरोघरी इतकी पक्की आहे की थेंबांमागोमाग सुई टोचली जाते तेव्हा बाळ उपाशी असते आणि आई जवळ असूनही पाजत नाही. वास्तविक पोलिओ किंवा रोटाव्हायरसच्या थेंबांनंतर लगेच स्तनपान देण्यास कोणतीही हरकत नाही. माझ्या नातीला १४व्या आठवड्याच्या लसी देताना आम्ही परिचारिकाताईंना आधीच विचारले. त्यांनी थेंब प्रथम दिले, सुनेला पदराआड पाजायला बसवले आणि बाळ नीट दूध ओढू लागल्यावरच मांडीत टोचले. नात रडली, पण तोंड पुन्हा दुधाला लागताच शांत झाली. केंद्रावर गर्दी असते हे खरे, तरीही ही विनंती प्रत्येक आईने निःसंकोच करावी.