'ठसका' की आणखी काही? (अ‍ॅस्पिरेशनला मराठीत काय म्हणावं)

मलप्रभाकाठ
पक्षाघातानंतर गिळायला त्रास होणाऱ्यांच्या घरच्यांसाठी एकपानी पत्रक करायचंय. पुढे मराठी, मागे कन्नड. खानापूर-निपाणीकडच्या माणसाला एकदा वाचून कळलं पाहिजे. भाषांतर-यंत्राने अ‍ॅस्पिरेशनचं (म्हणजे घास-पाणी श्वासनलिकेत उतरण्याचं) 'आकांक्षा' केलं: 'आकांक्षेची लक्षणे दिसल्यास भरवणे थांबवा.' ते खोडलं. व्याकरणाकडे वळलं तर 'महाप्राण' मिळतो, तो ख-घ-ठचा. शेवटी 'ठसका लागणे' लिहिलं, तर मजकूर तपासणाऱ्यांनी त्यावर लाल रेघ मारली. मला तरी हाच शब्द सरळ वाटतो. काय चुकलं?

टिळकवाडीकर
रेघ बरोबर आहे. अन्नपाणी स्वरयंत्राच्या तोंडात शिरलं पण स्वरतंतूंच्या वरच राहिलं, ही एक गोष्ट. स्वरतंतू ओलांडून खाली श्वासनलिकेत उतरलं, ही दुसरी, आणि अ‍ॅस्पिरेशन म्हणजे ही दुसरी. ठसका हे त्यावर शरीराने दिलेलं उत्तर. ते उत्तर दरवेळी येतंच असं नाही. घसा बधिर झालेला असला की पाणी खाली उतरतं आणि माणूस शांत बसून असतो. रोझेनबेक आणि सहकाऱ्यांच्या १९९६च्या मोजपट्टीत ८ पायऱ्या आहेत. आठवी सगळ्यात वाईट: खाली उतरलं आणि बाहेर टाकायची धडपडसुद्धा नाही. 'ठसका लागला तर थांबवा' एवढंच छापलंत तर नेमक्या याच माणसाला घरचे पेला भरभरून पाणी पाजतील.

शुद्धमती
मग 'अपगिलन' घ्या. संस्कृत गिल्, त्यावरूनच आपलं गिळणे. वाट चुकलेलं गिळणं ते अपगिलन. घडवलेला शब्द असला तरी घरातलाच आहे.

निपाणीनाका
'अपगिलन' वाचून घरच्यांनाच ठसका लागेल की! इथे नाम हवंय कशाला? 'घास किंवा पाणी श्वासनलिकेत उतरणं' असं लिहा, कुणालाही कळतं. नाम घडवायची हौस इंग्रजी पुस्तकातून शिकलेल्यांना.

शुद्धमती
आणि रुग्णाच्या कागदावर दर खेपेला पाच शब्द लिहायचे? धंद्याला नाम लागतंच. 'रक्तदाब' पहिल्या दिवशी कोणाला कळला होता?

मार्कंडेय
मागच्या पानाचंही बघा. कन्नडमध्ये 'नेत्तिगे हत्तितु' म्हणतात, शब्दशः डोक्याच्या टाळूवर चढलं. म्हणून डोक्यावर थापट्या मारतात, त्याने काही होत नाही. खोकत असेल तर पुढे झुकवून खोकू द्यावं, मध्ये पाणी पाजू नये. खोकता येईना, आवाज फुटेना, तर तो घास अडकल्याचा प्रसंग. तिथे गोष्ट वेगळी, घाई वेगळी. मराठीतही 'ठसका लागला' आणि 'घास अडकला' एकाच ओळीत घालू नका.

मलप्रभाकाठ
हे पटलं. पण ठसका नसेल तर घरच्यांनी बघायचं काय? इंग्रजीत 'ओला आवाज' म्हणतात. मी 'घरघर' लिहिलंय.

टिळकवाडीकर
अहो, घरघर लागली म्हणजे माणूस चालला! पत्रक वाचून भाऊबंदांना फोन जातील. 'आवाज बसला' हेही नको, तो सर्दीतही बसतो. असं लिहा: गिळून झाल्यावर 'आ' म्हणायला लावा, गुळणी केल्यासारखी खळखळ ऐकू येते का? शिवाय जेवताना धाप लागणं, वरचेवर येणारा ताप, गिळल्यावरही गालात उरलेला घास. गिळणं तपासणारा तज्ज्ञ गिळताना कंठमणी वर उचलला जातो का तेही बोटांनी बघतो. ९० मिली पाणी न थांबता प्यायला लावायची एक चाचणी आहे. मध्येच थांबला, खोकला, किंवा मिनिटाभरात आवाज खळखळला की नापास. ती मात्र घरी करायला सांगू नका. आणि नक्की कुठे काय उतरतंय हे बेरियम पाजून काढलेल्या क्ष-किरण चित्रफितीत किंवा नाकातून घातलेल्या दुर्बिणीतच दिसतं.

पळीवाढी
शब्दांची खरी अडचण पुढच्या ओळीत आहे. 'द्रव घट्ट करून द्या' असं लिहाल आणि लोक घट्ट दही देतील. आपल्या स्वयंपाकघरात पातळ, सरसरीत, पळीवाढं, दाट, लपथपीत, घट्ट एवढे शब्द असताना सगळ्यांना एकच 'घट्ट'?

टिळकवाडीकर
शब्द गोड आहेत, पण तुमचं सरसरीत आणि सासूबाईंचं सरसरीत एक नसतं. म्हणून आंतरराष्ट्रीय मोजणी १० मिलीच्या सिरिंजने करतात. सुई काढायची, टोकावर बोट ठेवायचं, १० मिली भरायचं, बोट काढून १० सेकंद मोजायचे आणि पुन्हा बोट लावायचं. १ मिलीपेक्षा कमी उरलं तर पातळी ०. १ ते ४ उरलं तर १, ४ ते ८ तर २, ८च्या वर तर ३. थेंबही गळला नाही तर ४, मग चमचा तिरका करून बघायचं. सिरिंजही वाटेल ती नको. शून्यापासून १०च्या रेघेपर्यंत ६१.५ मिमी हवी, नाहीतर आकडे चुकतात.

पळीवाढी
मग सिरिंजवर जे येईल त्याला आपला शब्द द्या. पातळी २ला 'सरसरीत', ३ला 'पळीवाढं'. आकडा घरी कुणाच्या लक्षात राहतो?

निपाणीनाका
आणि आंबील कुठे बसवाल? गरम असताना एक, निवल्यावर दुसरी.

टिळकवाडीकर
तेच तर. पिष्टाने दाट केलेलं निवताना आणखी दाटतं, म्हणून ज्या तापमानाला द्यायचं त्याच तापमानाला मोजायचं. उलटही होतं: उष्टा चमचा वाटीत परत बुडवला की लाळेतलं अमायलेज पिष्ट मोडतं आणि तीच आंबील पातळ होते. झँथन गम या दाट करायच्या दुसऱ्या पुडीला लाळेने फरक पडत नाही. त्यात आंबिलीत कांदा, म्हणजे एकाच तोंडात वाहणारं आणि चावायचं. गिळायला अवघड जोडी ती हीच. चहात बुडवलेला टोस्ट आणि आमटीतला सुटा भात याच जातीचे. भात द्यायचाच तर गुरगुट्या, घोटलेला, पाणी न सुटलेला.

मार्कंडेय
कुंदा (आपली खव्याची मिठाई) मऊ म्हणून भरवतात. तो टाळूला चिकटतो, कण मागे राहतात. त्याचं नाव घालून 'नको' लिहा, बेळगावात दुसरं काही लिहून उपयोग नाही.

शुद्धमती
'लहान घोट' लिहिलंय का 'घुटका'? घुटका हा कन्नड 'गुटुकु'वरून आलाय, असं माझं मत.

निपाणीनाका
हिंदीत घूँट आहे, गुजरातीत घूंटडो. ते काय धारवाडहून गेले? गिळतानाच्या आवाजाचा शब्द आहे, ज्याच्या त्याच्या घशातून आलेला.

शुद्धमती
आवाजाचा असेल तर सगळीकडे 'घ' का नाही? कन्नडात 'ग' का?

मलप्रभाकाठ
मंडळी, 'चहाचा एक चमचा, म्हणजे ५ मिली' असं लिहिलंय. घोट आणि घुटका दोन्ही काढले. आता हनुवटी छातीकडे घेऊन गिळायला सांगतात त्याचं बोला. 'मान खाली घाला' लिहिलंय.

पळीवाढी
बिचाऱ्याने काय गुन्हा केलाय मान खाली घालायला? 'हनुवटी छातीकडे आणा'.

टिळकवाडीकर
आणि खाली जाड अक्षरात: गिळणं तपासणाऱ्याने सांगितलं असेल तरच. ओठ नीट मिटत नसतील तर त्या अवस्थेत सगळं पुढून सांडतं.

शुद्धमती
'गुटुकु'चं कुणी उत्तर दिलं नाही अजून.