लॉस्ट व्हायकिंग्ज: वहीतला पासवर्ड घेत नाहीये, कोणाला आठवतोय का?

परळची_पोर:
नमस्कार मंडळी, प्रश्न येडछाप वाटेल पण विचारतेच. आमची बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला जातेय त्यामुळे माळ्यावरनं रोज एक गोणी खाली उतरते, तर परवा त्यात माझ्या मोठ्या भावाची वही सापडली, पुढून फिजिक्स आणि मागून लॉस्ट व्हायकिंग्ज या कॉम्प्युटर गेमचे पासवर्ड (पासवर्ड टाकला की थेट त्या लेव्हलला जाता येतं). ज्यांनी खेळला नाही त्यांच्यासाठी, तीन व्हायकिंग असतात, टोमेटर नावाचा परग्रहावरचा राजा त्यांना यानात उचलून नेतो आणि मग कुठल्या कुठल्या काळातून भटकत त्यांना घरी पोचायचं असतं. एरिक पळतो, उडी मारतो, डोक्याने भिंत फोडतो. बॅलिऑगकडे तलवार आणि धनुष्य. ओलाफकडे नुसती ढाल. लेव्हल संपवायला तिघंही जिवंत दारात पोचायला हवेत, एक जरी गचकला की परत पहिल्यापासून.

आम्ही ९६-९७ च्या सुट्ट्यांत शिवडीला आत्याकडे खेळायचो, एक कीबोर्ड आणि तिघं भावंडं, ज्याचा व्हायकिंग चालू असेल त्याने खुर्चीत बसायचं आणि बाकीच्यांनी मागे उभं राहून बोंबलायचं. मी सगळ्यात लहान म्हणून माझ्या वाट्याला कायम ओलाफ.

आता लेकीला (वय १०) डॉसबॉक्सवर, म्हणजे जुने गेम आजच्या कॉम्प्युटरवर चालवणाऱ्या सॉफ्टवेअरवर, चालू करून दिलाय. वहीतले सुरुवातीचे पासवर्ड बरोबर चालले पण इजिप्तमधला एक आहे, पी एच आर ओ, स्वच्छ अक्षरात लिहिलाय, तो काय केल्या घेत नाही. भाऊ दुबईला असतो, त्याला फोन केला तर म्हणे आधी सांग तू माझी वही का उघडलीस. दुसरं म्हणजे लेकीचं म्हणणं आहे की ओलाफ फुकटचा आहे, ना उडी ना मारामारी, त्याला गेममध्ये ठेवलाच कशाला. मी तिला काय सांगू, मला स्वतःलाच तीस वर्षं तेच वाटतंय 😄

डॉसवाला:
ताई शेवटचा ओ नाहीये, शून्य आहे. पी एच आर आणि शून्य, म्हणजे फेरो, इजिप्तचा राजा. या गेमचे पासवर्ड चार जागांतच बसवलेत, त्यामुळे शब्दातले स्वर उडवायचे आणि अगदीच अडलं तर आकडा टाकायचा असा सगळा हिशोब आहे. ग्रेटचा जी आर ८ टी, कैरोचा सी १ आर ०. वहीत पुढे अजून कुठे ओ दिसला तर तिथेही शून्यच टाकून बघा. माझ्याकडे सेम लोचा झालेला, फरक एवढाच की वही नव्हती, दहावीच्या गाईडच्या कव्हरवर लिहिलेले आणि आईने ते गाईड रद्दीत घातलं.

खवचट_काका:
ओलाफ फुकटचा??? सुनबाईंच्या लेकीला माझ्याकडे पाठवा.

अहो सगळा गेम त्या ढालीवर उभा आहे, अगदी खरोखर उभा. ओलाफने ढाल डोक्यावर धरली की ती पायरी होते. एरिकची उडी जिथे चार बोटं कमी पडते तिथे ओलाफला खाली उभा करायचा, एरिकने आधी ढालीवर चढायचं आणि तिथनं दुसरी उडी मारायची. हीच ढाल डोक्यावर ठेवून कड्यावरनं पाऊल टाकलं तर ओलाफ छत्रीसारखा तरंगत खाली येतो, बाकीचे दोघं तेवढ्याच उंचीवरनं पडले तर आपटून एक जीव जातो, आणि प्रत्येकाला जीव मोजून तीन. आता ढाल समोर धरा. समोरनं गोळ्या येऊ देत, राक्षस येऊ दे, ओलाफ हलत नाही, आणि बॅलिऑग त्याच्या मागे उभा राहून आरामात बाण सोडतो. दादरला सहाच्या फास्टला दारात जो जाडा माणूस उभा असतो ना, त्याच्या मागे आपण निवांत असतो, तसंच.

पोरीला एक सांगा, नवीन ठिकाणी आधी एरिकला पळवायचं नाही. सगळे तेच करतात कारण तो पळतो. ओलाफला पुढे घाला, समोर काय आहे ते कळू दे, मग बाकीचे. आणि बाण नुसते मारामारीला नसतात, लांबचं बटण पण बाणाने दाबता येतं, आमचे दोन दिवस एका बटणापायी गेलेले, एरिकला तिथपर्यंत न्यायच्या नादात.

लॅमिंग्टन_रिटर्न:
काका फुल फॉर्मात 🙏

थोडं ज्ञान माझ्याकडनं. हा गेम ज्यांनी बनवला ती सिलिकॉन अँड सिनॅप्स कंपनी म्हणजेच आत्ताची ब्लिझर्ड, नाव नंतर बदललं. १९९३ चा गेम, इंटरप्लेने काढलेला. लेमिंग्ज आठवतोय? १९९१ चा, ते हिरव्या केसांचे पिटुकले एकामागोमाग दरीत पडायचे, त्याच्यावरनंच ह्यांना कल्पना सुचली, आणि सुरुवातीला व्हायकिंगसुद्धा ढिगाने होते म्हणे, कमी करत करत तीनवर आले. बरं झालं, प्रत्येकाला नाव आणि स्वभाव तरी मिळाला. लेव्हल संपल्यावर ते तिघं एकमेकांना जे टोमणे मारतात ते मला तेव्हा इंग्रजी धड कळत नसूनही आवडायचे.

ताई डॉसबॉक्सच्या भानगडीत पडायचं नसेल तर २०२१ ला ब्लिझर्ड आर्केड कलेक्शन आलंय, त्यात हा आहे, पाहिजे तिथे सेव्ह होतो आणि चूक झाली तर रिवाइंड पण. दुसरा भाग १९९७ चा, त्यात एक लांडगामाणूस आणि एक ड्रॅगन वाढवलाय, पण मला पहिलाच भारी वाटतो.

खवचट_काका:
रिवाइंड नको हो. बॅलिऑगला खड्ड्यात घालवला की जी शांतता पसरते खोलीत, ती पाहिजे.

लॅमिंग्टन_रिटर्न:
काका तुम्हाला वेळ आहे, आम्हाला ७.४२ पकडायची असते.

सेगा_सम्राट:
एक राहिलं. सेगाच्या मेगा ड्राइव्हवर (टीव्हीला जोडायचा गेमचा डबा) हा तिघांना एकाच वेळी खेळता यायचा, प्रत्येकाच्या हातात वेगळा रिमोट, आणि पाच लेव्हल जास्तीच्या. वर म्हटलंय त्या कलेक्शनमध्ये पण तिघं एकत्र खेळू शकतात. म्हणजे खुर्चीवरची भांडणं वाचली असती तुमची. पण खरं सांगू का, तिघं एकदम खेळायला लागले की कोणीच थांबत नाही, आणि ह्या गेममध्ये दोघांनी थांबायचं असतं.

परळची_पोर:
डॉसवाला, शून्याने झालं!!! पहिल्या फटक्यात. भावाला मेसेज टाकला, त्याचं उत्तर एक अंगठा.

काका, तुमची ढालीची पायरी करून दाखवली. लेक दोन मिनिटं गप्प, मग म्हणाली आता मी ओलाफ आणि तू एरिक. मी उत्साहात पळत सुटले ती थेट भिंतीवर, न फुटणाऱ्या, एरिक चक्कर येऊन बसला डोकं धरून. मागे उभं राहून ओरडायला आत्तापर्यंत कोणी नव्हतं, आता नवरा उभा आहे चहाचा कप घेऊन, "डावीकडे, अगं डावीकडे." पिवळी चावी बॅलिऑगकडे राहिलीय आणि दरवाजा एरिकसमोर आहे. दोघं शेजारी शेजारी आल्याशिवाय देता येत नाही ना? मधे एक लिफ्ट आहे आणि ती वर अडकलीय. कोणी जागं आहे का?