कॉम्प्लेक्स १ मधली ३१ जास्तीची सबयुनिटं : उपयोगाची की नुसती साचलेली?

तिरकस_पेशी :
सस्तन प्राण्यांच्या मायटोकॉन्ड्रियातलं (पेशीच्या ऊर्जाकेंद्रातलं) कॉम्प्लेक्स १ म्हणजे श्वसनसाखळीतलं, अन्नातले इलेक्ट्रॉन ऑक्सिजनपर्यंत पोचवणाऱ्या एन्झाइमांच्या रांगेतलं, पहिलं आणि सगळ्यात अवाढव्य एन्झाइम. गाईच्या हृदयातून वेगळं केलेल्या कॉम्प्लेक्समध्ये ४५ सबयुनिटं (जुळून एन्झाइम बनवणारी सुटी प्रथिनं) मोजली गेली आहेत. पण मूळ काम करतात फक्त १४. एनएडीएच या इलेक्ट्रॉन आणून देणाऱ्या रेणूकडून इलेक्ट्रॉन घेणं, लोह-गंधक समूहांच्या रांगेतून ते क्विनोन या पुढच्या वाहक रेणूपर्यंत नेणं आणि दर दोन इलेक्ट्रॉनांमागे चार प्रोटॉन पटलापार ढकलणं, हे सगळं त्या चौदांत आटोपतं. जिवाणू एवढ्यावरच भागवतात, ई. कोलायमध्ये तर दोन जोडली गेल्यामुळे तेराच.

मग उरलेली ३१ कशाला? माझं मत : फायद्यासाठी नाही. ती चिकटत गेली आणि मग काढता येईनाशी झाली. भिंतीला कुणी विनाकारण टेकू लावला, पुढे भिंत हळूहळू कमकुवत झाली तरी टेकूमुळे ते कळलं नाही. आज टेकू काढला तर भिंत पडते, म्हणून टेकू लावणारा शहाणा होता असं सिद्ध होत नाही.

निळी_शाई :
ऐकायला छान आहे, पण प्रयोग काय सांगतात ते बघा. २०१६ मध्ये मोनाश विद्यापीठाच्या गटाने मानवी पेशींमध्ये या जास्तीच्या सबयुनिटांची जनुकं एकेक करून बाद केली. २५ अशी निघाली की ती नसतील तर चालणारं कॉम्प्लेक्स जुळतच नाही. त्यातलंच एक, एनडीयूएफएबी१, काढल्यावर तर पेशीच जगेना. याला 'साचलेलं' म्हणायचं?

तिरकस_पेशी :
हो, म्हणायचं. टेकू काढल्यावर भिंत पडली, एवढंच तुम्ही सांगितलंत. आज गरज आहे हे मला मान्यच आहे, वाद सुरुवातीच्या फायद्याचा आहे.

आणि एनडीयूएफएबी१ तुमच्या बाजूने मोजू नका. ते मायटोकॉन्ड्रियातलं असिल वाहक प्रथिन, म्हणजे घडत असलेल्या स्निग्धाम्लांच्या साखळ्या धरून ठेवणारं. लिपोइक आम्ल तयार होण्यासाठी आणि लोह-गंधक समूह घडवण्यासाठीही ते लागतं. पेशी मेली ती या इतर कामांअभावी. कॉम्प्लेक्स १ मध्ये ते दोन ठिकाणी बसलंय (म्हणूनच ४५ सबयुनिटं, पण वेगळी प्रथिनं ४४). एनडीयूएफए९ बघा : कुळ डीहायड्रोजनेजांचं (हायड्रोजन काढून घेणाऱ्या एन्झाइमांचं), पोटात एनएडीपीएच हे एनएडीएचचं भावंड धरून बसलंय, पण इलेक्ट्रॉनांच्या वाटेत त्याचा काही भाग नाही. एनडीयूएफए१० न्यूक्लिओसाइड कायनेजांच्या (डीएनएच्या घटकांना फॉस्फेट जोडणाऱ्या एन्झाइमांच्या) कुळातलं. इकडची तिकडची एन्झाइमं येऊन राहिली आहेत, दुसरं काय!

वॉर्ड_नंबर_सात :
तुमचा वाद उत्क्रांतीचा आहे, आमच्याकडे लहान मुलं येतात. एनडीयूएफएस४ हे त्या चौदांत नाही, पण त्यात बिघाड झाला की ली सिंड्रोम हा लहान मुलांच्या मेंदूचा गंभीर आजार होतो. ज्या उंदरांमध्ये ते जनुकच नाही ते साधारण सात आठवड्यांत मरतात. जनुक तपासणीत 'मूळ' आणि 'जास्तीचं' असा भेद करून चालत नाही, सगळीच बघावी लागतात. त्या चौदांतली सात मायटोकॉन्ड्रियाच्या स्वतःच्या डीएनएवर आहेत, त्यांचे दोष आईकडून येतात. बाकी ३७ प्रथिनांची जनुकं केंद्रकात. पालकांना पुढच्या बाळाबद्दल काय सांगायचं ते या फरकावर ठरतं.

निळी_शाई :
@तिरकस_पेशी, एन्झाइमांची कुळं सांगून मूळ मुद्दा सुटत नाही. जादा सबयुनिटांमुळे नियंत्रण येतं. कॉम्प्लेक्स ४ घ्या, त्याच श्वसनसाखळीतलं शेवटचं एन्झाइम. पॅराकॉकस जिवाणूत त्याची चार सबयुनिटं, गाईच्या हृदयातल्या १९९६ च्या स्फटिक रचनेत तेरा. त्यातलं सीओएक्स४ दोन रूपांत येतं. ऑक्सिजन कमी पडला की पेशी पहिलं रूप मोडून दुसरं बसवते. सीओएक्स६ए हृदयात आणि स्नायूत एक, यकृतात दुसरं. हा काय अपघात?

तिरकस_पेशी :
कॉम्प्लेक्स ४ बद्दल ते बरोबर आहे. पण कॉम्प्लेक्स १ मध्ये असं कितीसं सापडतं? एनडीयूएफव्ही३ चं आखूड रूप हृदयात, लांब रूप मेंदूत, आणि त्यापलीकडे तुम्ही फारसं काही दाखवू शकणार नाही. शेजाऱ्याचा पुरावा इकडे लावू नका.

जुना_दस्तऐवज :
शेजाऱ्यावरून आठवलं, एनडीयूएफए४ बरीच वर्षं कॉम्प्लेक्स १ मध्येच मोजलं जात होतं. २०१२ मध्ये ते कॉम्प्लेक्स ४ चं निघालं. नाव मात्र जुनंच राहिलं, विद्यार्थी अजून गोंधळतात.

पण माझा आक्षेप वेगळा. तुम्ही दोघेही ३१ जणांना एकाच दिवशी आलेलं वऱ्हाड समजताय. एनडीयूएफएस४, एनडीयूएफएस६ आणि एनडीयूएफए१२ यांची भावंडं पॅराकॉकसच्या कॉम्प्लेक्स १ मध्ये आहेत, म्हणजे चक्क जिवाणूत. ती मायटोकॉन्ड्रिया होण्याच्याही आधीची. 'जिवाणू चौदांवर भागवतात' हे पहिल्याच पोस्टमधलं विधान सरसकट लागू होत नाही. आणि डॉक्टरांनी सांगितलेलं एनडीयूएफएस४ या तिघांतलंच.

निळी_शाई :
म्हणजे एवढा काळ जिवाणूंनीही ते टाकलं नाही. जिवाणू नको असलेली जनुकं सहज झटकतात, हे तरी मान्य आहे ना?

तिरकस_पेशी :
मान्य. ३१ मधून ३ वजा करा. उरलेल्या २८ बद्दल माझं म्हणणं तेच आहे.