मदत हवी आहे: सोपं लिहिलं की मजकुराचं वजन कमी होतं का?

रुग्णांना घरी जाताना द्यायचं सूचनापत्रक नव्याने लिहायचं काम माझ्याकडे आलंय. जुन्या पत्रकात होतं, 'सदर औषधाचे सेवन आहारापूर्वी करणे अनिवार्य आहे.' मी केलं, 'ही गोळी काही खायच्या आधी घ्या.' वरिष्ठ म्हणतात, फारच घरगुती वाटतं, जरा भारदस्त हवं.

मला हे अजिबात पटत नाही. आधीच दुखण्याने बेजार झालेल्या माणसाला 'अनिवार्य'पाशी कशाला अडखळवायचं? मानसशास्त्रज्ञ डॅनियल ओपनहायमर यांनी २००६ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत तर उगाच अवघड शब्द वापरणारा लेखक वाचकांना कमी हुशार वाटला होता.

पण काही शब्दांपाशी मीही थबकते. 'संसर्ग' काढून 'जंतू लागणं' लिहिलं तर अर्थ किंचित सरकतो, आणि औषधपाण्याच्या बाबतीत तेवढंही चालत नाही.

असं लेखन करणाऱ्यांनी कृपया सांगा: असे शब्द तसेच ठेवून पुढे सोप्या भाषेत समजावता का? आणि वरिष्ठांना पटवायला नेमकं काय उपयोगी पडलं? दोन्ही मसुदे काही रुग्णांना वाचायला देऊन, कुठल्यातलं जास्त कळलं हे विचारून पाहावं, असं मनात आहे. कुणी केलंय का?